घरची गोळी

अमेरिकेत पिस्तुलाची काडतुसं दुकानात मिळतात. पन्नासाची पेटी घ्यायची, पैसे द्यायचे, विषय संपला. असं असूनही तिथली कित्येक सुजाण, लेकुरवाळी, वेळेवर कर भरणारी माणसं रात्रीची जेवणं आटोपली की गॅरेजमध्ये जातात, स्वतःची काडतुसं स्वतः भरतात आणि शनिवारी रेंजवर ती पिस्तुलात जात नाहीत म्हणून तशीच घरी परत आणतात. या छंदाला रिलोडिंग म्हणतात. त्याचा पहिला भाग, म्हणजे काडतूस भरणं, एका संध्याकाळी शिकता येतो. दुसरा भाग, म्हणजे भरलेलं काडतूस का जात नाही हे शोधणं, हा जन्मभर पुरतो. आणि खरी गोडी त्या दुसऱ्या भागातच असावी, असं आमच्या दाजींकडे बघून माझं मत झालं आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. भोसरीच्या एका टूलरूममध्ये उमेदवारी केली, मग डाय बनवल्या, मग डाय बनवणाऱ्यांवर ओरडण्याची नोकरी मिळाली आणि त्याच हुद्द्यावर ते अमेरिकेत गेले. आता फिनिक्सजवळ निवृत्त जीवन जगतात. नागरिकत्व मिळालं, गुडघेदुखीमुळे गोल्फ सुटलं, तेव्हा त्यांनी एक चेक बनावटीचं ९ मिलिमीटरचं पिस्तूल घेतलं. ताईने कारण विचारलं तर म्हणाले, "आमचं घराणंच त्यातलं. काडतूस आमच्या रक्तात आहे." यातला पुरावा एवढाच की त्यांचे वडील खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत नोकरीला होते. ही फॅक्टरी इंग्रजांनी १८६९ साली काढली आणि अर्ध्या खडकीची चूल तिच्यावर पेटली, हे खरं. पण दाजींचे वडील तिथे अकाउंट्स सेक्शनला होते, हे ताई दर वेळी सांगते आणि दाजी दर वेळी ऐकलं नाही असं दाखवतात.

इकडे नातेवाइकांत बातमी वेगळीच पसरली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला रायफलमध्ये कांस्यपदक आणल्यावर आमच्या एका आत्याने दाजींना फोन करून "तुमचा नंबर कधी?" असं विचारलं. दाजींनी तिला समजावलं, की ती मुलं .२२ची रायफल चालवतात. त्या काडतुसाचा स्फोटक मसाला पुंगळीच्या कडेच्या घडीत असतो, एकदा उडालं की ते भंगारात, त्यात घरी भरण्यासारखं काही उरत नाही. आत्या म्हणाली, "बरं झालं बाई. पोरांचं लक्ष अभ्यासात राहतं."

पिस्तुलाच्या काडतुसात मात्र भरण्यासारखं पुष्कळ असतं. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला प्रायमर, पोटात दारू आणि तोंडात गोळी. प्रायमर म्हणजे दिवाळीतली टिकलीच, फक्त जास्त शिकलेली. चाप ओढला की टिकली उडते, दारू जळते, गोळी जाते आणि पुंगळी बाजूला फेकली जाते. या चौघांत पुंगळीच बहुधा सगळ्यात महाग, आणि तीच तेवढी शाबूत राहते. मराठी माणसाला हे कळल्यावर तो ती जमिनीवर पडू देईल का? फिनिक्सच्या उत्तरेला बेन एव्हरी नावाची राज्य सरकारची प्रशस्त रेंज आहे. तिथे मी दाजींना नेम धरताना जितका वेळ बघितलं त्याहून जास्त वेळ ओणवं झालेलं बघितलं. गुडघेदुखीचा उल्लेख तेव्हा निघाला नाही.

(आपल्याकडे कुणी हे वाचून उत्साहात येऊ नये. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली काडतूस बनवायला परवाना लागतो, आणि ९ मिलिमीटरचा बोअर तर सामान्य परवानाधारकाला निषिद्धच आहे. अमेरिकेत स्वतःपुरतं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायचं झालं तरच लागतो. दाजींची काडतुसं विकत घेण्याइतकं शूर कुणी अजून भेटलेलं नाही, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.)

गोळा केलेल्या पुंगळ्या आधी धुवायच्या असतात. त्यासाठी दाजींनी एक फिरतं पिंप आणलं. त्यात पुंगळ्या, स्टेनलेस स्टीलच्या बारीक टाचण्या, भांड्यांचा साबण आणि सायट्रिक ॲसिड घालून ते तासन् तास घरघरत ठेवायचं. ताई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "एवढा खटाटोप कशाला? चिंच लावा." दाजींनी तिला पितळेच्या पृष्ठभागावरचं ऑक्सिडेशन, ॲसिडची तीव्रता वगैरे पंधरा मिनिटं सांगितलं. ताईने शांतपणे ऐकून घेतलं आणि ॲसिडच्या पिशवीवरचं नाव वाचून म्हणाली, "हे लिंबूफूल आहे. ढोकळ्यात घालते मी." पुंगळ्या झकास निघाल्या. देवघरातल्या समईशेजारी दाजींनी एक नमुना म्हणून ठेवली होती, ती ताईने संध्याकाळच्या आत काढली.

मग यंत्र. रिलोडिंगच्या यंत्राला प्रेस म्हणतात, आणि प्रेसचे पंथ आहेत. स्कॉट्सडेलची डिलन कंपनी निळी, आरसीबीएस हिरवी, विस्कॉन्सिनची ली आणि नेब्रास्काची हॉर्नेडी लाल. निळ्याने लाल्याकडची डाय आणली तर चालतं, पण चारचौघांत बोलत नाहीत. महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला रंगांचं राजकारण शिकवावं लागत नाही. दाजींनी आधी सगळ्यांच्या कार्यालयात चहा घेतला आणि मग एका रंगाची प्रोग्रेसिव्ह प्रेस घेतली.

प्रोग्रेसिव्ह प्रेस हे या कथेतलं मूळ पाप आहे. साध्या प्रेसवर एका वेळी एकच काम होतं, त्यामुळे माणसाला विचार करायला वेळ मिळतो. प्रोग्रेसिव्हमध्ये गोल थाळी फिरते. एका खणात जुनी टिकली बाहेर पडून पुंगळी दाबून सडपातळ होते, पुढे नवी टिकली बसते, पुंगळीचं तोंड जरासं फुलवून दारू पडते, त्यापुढे गोळी बसते, शेवटी फुललेलं तोंड पुन्हा मिटवतात. हे सगळं एकाच वेळी, वेगवेगळ्या पुंगळ्यांवर. हँडल एकदा ओढलं की एक तयार काडतूस टणकन डब्यात. टूलरूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला हा आवाज ऐकू आला की त्याच्या अंगात प्रॉडक्शन संचारतं. पहिली दहा काढून, तपासून, मग पुढे जायचं, असं प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं आहे. भोसरीत दाजींनी स्वतः किती पोरांना "आधी फर्स्ट पीस पास करून घे, मग मशीन चालू कर" म्हणून झापलं असेल. पण तिथे झापायला दाजी होते. गॅरेजमध्ये कोण होतं? बादली भरेपर्यंत टण्-टण् चालू राहिलं.

मापांचाही एक घोळ आहे, तो इथेच सांगून टाकतो. हे काडतूस जॉर्ज लूगर नावाच्या माणसाने १९०२च्या सुमारास जर्मनीत बेतलं, म्हणून त्याचं नाव मिलिमीटरमध्ये. भरणारा अमेरिकन, म्हणून लांबी इंचात, तीही इंचाच्या हजाराव्या भागात. वजन ग्रेनमध्ये, आणि एका पौंडात ७,००० ग्रेन. ताईला यातलं काही कळेना, तेव्हा मी मधे पडलो. इंग्रजांच्या राज्यातला आपला तोळा बरोबर १८० ग्रेनचा. म्हणजे दाजींची १२४ ग्रेनची गोळी पाऊण तोळ्याच्या जराशी आत. ताई म्हणाली, "असं सांगावं की मग. पाऊण तोळा जाऊन मातीत मारायचा आणि परत आणायचा नाही." इंचाच्या हजाराव्या भागाचं मात्र दाजींना कौतुक. त्याला पुण्याच्या कारखान्यांत थाऊ म्हणतात, आणि हा जुना सोबती त्यांना गॅरेजमध्ये पुन्हा भेटला. "दोन थाऊ जास्त आहे", "तीन थाऊ घास" अशी वाक्यं ते हल्ली झोपेतही बोलतात.

शनिवारी आम्ही रेंजवर गेलो. दाजींनी घरच्या काडतुसांनी मॅगझिन भरलं, पिस्तुलात सरकवलं, स्लाईड मागे ओढून सोडली. ती पुढे आली आणि शेवटच्या सूतभर अंतरावर थांबली. पुढे जाईना, मागे येईना. अशा अवस्थेत पिस्तूल उडत नाही, तशी त्यात योजनाच असते. पण अडलेल्या स्लाईडला तळहाताने ठोकून पुढे ढकलावं असा मोह प्रत्येकाला होतो, आणि तो आवरायचा असतो. दाजींनी नळी निशाण्याकडे ठेवून रेंज ऑफिसरला हाक मारली. त्या भल्या माणसाने खटपटीने काडतूस बाहेर काढलं, उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "घरचं का?" सुनेने पहिल्यांदा केलेल्या पुरणपोळीबद्दल सासूबाई ज्या सुरात विचारतात, त्याच सुरात.

दुसरं काडतूसही तसंच. तिसरं गेलं. चौथं अडलं.

आता सल्ले सुरू झाले. रेंजवर माणसं कानांवर मफ लावून असतात, पण काडतूस अडल्याचं त्यांना ऐकू येतं. एक दाढीवाले आले, म्हणाले, "क्रिंप वाढव." क्रिंप म्हणजे ते शेवटचं तोंड मिटवणं. या छंदात तो सर्वरोगहारी काढा समजतात. गोळी अडते, क्रिंप वाढव. नेम चुकतो, क्रिंप वाढव. दुसरे आले, त्यांनी पुंगळीच्या बुडावरची अक्षरं वाचून "या छापाची पुंगळी मी घरात ठेवत नाही" असं सांगितलं आणि दुसरी उचलून तिच्याबद्दलही तेच सांगितलं. तिसऱ्यांचं म्हणणं, पिस्तूल नवं आहे, अजून पाचशे झाडा म्हणजे मोकळं होईल. जी जातच नाहीत ती पाचशे कशी झाडायची, हे विचारायला मी तोंड उघडलं तोवर ते पुढच्या टेबलावर पोचले होते. एकालाही "नळी काढून बघा" असं सुचलं नाही. कारण नळी काढून बघितलं की कारण कळतं, आणि मग सल्ला कशावर द्यायचा?

दाजींनी घरी येऊन क्रिंप वाढवला. हा उपाय इतका लोकप्रिय का आहे आणि इतका वाईट का आहे, हे त्यांनीच मला नंतर समजावलं. ९ मिलिमीटरच्या पुंगळीला रिव्हॉल्व्हरच्या काडतुसासारखी बाहेर आलेली कड नसते. ती चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोलीत, घुसते आणि तिच्या तोंडाची कड आतल्या एका बारीक पायरीला टेकते. तिचं सगळं त्या कडेवर अवलंबून. क्रिंपचं काम एवढंच की फुलवलेलं तोंड सरळ व्हावं. तिथे व्यास ०.३८० इंचाच्या वर नको, त्याच्या दोन-तीन थाऊ आत आला की पुरे. त्याहून आवळलं तर पितळ थोडं परत उसळतं, आतलं मऊ शिसं उसळत नाही. परिणामी गोळी घट्ट व्हायची ती सैल होते. सैल गोळी पिस्तुलात शिरताना धडकून मागे दाबली जाते, दारूला जागा कमी पडते, आणि ज्या काडतुसाचा दाब चौरस इंचाला ३५,००० पौंडांच्या आत राहायला हवा, त्याचा हिशेब कुणाच्याच हाती राहत नाही. एवढं सगळं होऊन अडायचं ते काडतूस अडतंच, कारण अडण्याचं कारण मुळात दुसरीकडे असतं.

यावर दाजींनी गेज मागवलं. भोकाभोकाचा धातूचा ठोकळा. काडतूस भोकात टाकायचं, बूड कडेशी सपाट आलं तर पास. गो-नो-गो गेज भोसरीतल्या शिपायालाही कळतं, त्यामुळे दाजींना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. बादलीतली बहुतेक काडतुसं गेजमध्ये सुळकन गेली. पास! तीच पिस्तुलात अडली. नापास! उलट दोन-चारांच्या बुडाच्या कडेला ओरखड्याचा काटा होता, ती गेजमध्ये नापास आणि पिस्तुलात मजेत. दाजी दोन दिवस जेवले नाहीत नीट. क्यूसीने पास केलेला माल गिऱ्हाईक परत पाठवतं आणि नापास केलेला ठेवून घेतं, असली मानहानी त्यांनी उभ्या नोकरीत सोसली नव्हती.

गेज खोटं बोलत नव्हतं. पण ते पुंगळी मोजतं. पुंगळीच्या पुढे जी गोळी बाहेर आलेली असते, तिच्यासाठी नळीत मोकळी जागा किती आहे आणि नळीच्या आत कोरलेले पीळ कुठून सुरू होतात, हे बहुतेक गेजना ठाऊकच नसतं. ते फक्त त्या नळीला ठाऊक असतं.

शेवटी नळी निघाली. कशी, ते सांगण्यासारखं आहे. ताई गॅरेजमध्ये झाडू मारायला आली आणि सुटं पिस्तूल पाहून म्हणाली, "ज्याच्यात बसवायचंय तेच इथे पडलंय की. त्यातच घालून बघा ना." दाजींनी "तसं नसतं ते" असं म्हटलं, आणि ती गेल्यावर नळी हातात घेतली. तोंड खाली धरायचं आणि मागून काडतूस सोडायचं. नुसती नळी हातात असते, टिकलीवर मारायला पिन नसते, त्यामुळे भीती नाही. बरोबर असेल तर "टप्" असा भरीव आवाज येतो, बूड नळीच्या मागच्या ओठाशी सपाट येतं, बोटाने फिरवलं तर काडतूस मोकळं फिरतं आणि नळी उलटी केली की आपल्या वजनाने हातात पडतं. तिथे याला प्लंक टेस्ट म्हणतात. दाजींचं काडतूस "टप्" म्हणालंच नाही. "खस्" असं काहीतरी म्हणालं, डोकं बाहेर काढून बसलं, आणि उलटं केल्यावरही पडेना.

पुढची युक्ती मात्र खास आहे. एक पक्क्या शाईचं काळं मार्कर घ्यायचं आणि काडतूस गोळीच्या टोकापासून बुडापर्यंत काळं फासायचं. शाई वाळली की नळीत सोडून जरा फिरवायचं आणि बाहेर काढायचं. जिथे घासलं तिथे शाई निघते. तोंडाच्या कडेला चकाकी दिसली तर फुलवलेलं तोंड मिटलेलं नाही. पोटावर एका अंगाला दिसली तर गोळी तिरकी बसली आहे. बुडाजवळ गोल पट्टा दिसला तर पुंगळी सडपातळ करणारी पहिली डाय पुरती खाली आलेली नाही. ही पुंगळी बुडाशी ०.३९१ इंच आणि तोंडाशी ०.३८०, म्हणजे अकरा थाऊंनी निमुळती असते. डाय थोडी वर राहिली की बूड जाडच राहतं. आणि चकाकी पितळावर नसून गोळीच्या खांद्यावर असेल, जिथे ती टोकाकडे वळायला लागते तिथे, तर गोळी नळीतल्या पिळांना जाऊन भिडते आहे. काडतूस लांब आहे.

दाजींनी बादली ओतली. गॅरेजच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून रात्रभर काळ्या काडतुसांची रांग लागली. सकाळी मी खाली गेलो तर भिंतीवर पांढरा फळा होता, त्यावर रिजेक्शन ॲनॅलिसिसचा तक्ता आणि त्याच्यासमोर काळ्या बोटांचे, तांबारलेल्या डोळ्यांचे, अत्यंत सुखी दाजी. थोड्या काडतुसांचं बूड जाड निघालं. मूठभरांत तर पुंगळीच ९ मिलिमीटरची नव्हती, .३८० नावाच्या काडतुसाची होती. ही दिसायला तिची धाकटी बहीण, बुडावर नाव कोरलेलं असतं, पण ओणव्या माणसाला नाव वाचायला फुरसत कुठे? ०.७५४ इंचाच्या जागी ही जेमतेम ०.६८०, ती पायरीपर्यंत पोचतच नाही आणि टेकायला काही नाही म्हणून अधांतरी राहते. हे अडण्यापेक्षाही वाईट. पण उरलेल्या सगळ्या ढिगाचा आजार एकच होता. गोळीच्या खांद्यावर चकाकी.

"पण लांबी तर बरोबर आहे!" दाजी म्हणाले. "१.१५०. कमाल मर्यादा १.१६९. मी एकोणीस थाऊ आत आहे!"

ही लांबी आली कुठून? शेजारी एक म्हातारबुवा राहतात. आमचं लग्न झालं तेव्हापासून ते काडतुसं भरत आले आहेत. त्यांनी वहीचं पान फाडून प्रेमाने दिलं होतं, त्यावर १.१५० लिहिलेलं. दाजींनी ते पान फ्रेम करायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. म्हातारबुवांना बोलावलं. ते चपला घालून आले, नळी डोळ्यासमोर धरली, मग गोळी बघितली आणि म्हणाले, ही गोळी माझी नाही. त्यांची गोळी गोल नाकाची, निमुळती होत जाणारी. दाजींनी स्वस्तात मिळाली म्हणून आणलेली चपट्या नाकाची, जिचे खांदे रुंद आणि पार पुढेपर्यंत आलेले. आपण मोजतो नाकाच्या टोकापर्यंत, पण अडतात खांदे. शिवाय म्हातारबुवांच्या पिस्तुलाचा घसा, म्हणजे पिळांआधीची ती मोकळी जागा, लांब. चेक पिस्तुलांचा घसा आखूड, हे साऱ्या रिलोडिंगच्या जगाला माहीत असलेलं सत्य, आणि त्यात वाईट काही नाही. त्या नळ्या नेमाला चांगल्या असतात. फक्त गोळी आणखी आत बसवावी लागते. प्रत्येक मॅन्युअलमध्ये लांबीच्या आकड्याशेजारी, ही आमच्या चाचणीच्या नळीची आणि याच गोळीची लांबी, असं छापलेलं असतं. शेजाऱ्याच्या वहीच्या पानावर ते छापलेलं नसतं.

पुन्हा पुन्हा घालून, काढून, फिरवून दाजींच्या नळीला १.०८०च्या आसपासची लांबी रुचली. "सत्तर थाऊ!" दाजींचा चेहरा उजळला. "एवढंच ना? बादलीतली सगळी पुन्हा प्रेसखाली घालतो आणि सत्तर थाऊ दाबून टाकतो. अर्ध्या तासाचं रिवर्क." आणि ते हँडलकडे वळले.

म्हातारबुवांनी त्यांचा हात धरला. त्यांच्या वयाच्या मानाने ती पकड मला फारच घट्ट वाटली. गोळी आत दाबली की पुंगळीतली जागा कमी होते, तीच दारू लहान खोलीत जळते आणि दाब भराभर वाढतो. लांबी कमी केली की दारूचं माप पुस्तक उघडून खालच्या आकड्यापासून पुन्हा सुरू करायचं, आणि जी भरलेली आहेत ती खोलायची. सगळी? सगळी.

काडतूस खोलण्याचं हत्यार म्हणजे प्लास्टिकचा एक पोकळ हातोडा. डोक्यात काडतूस अडकवायचं आणि हातोडा फरशीवर आपटायचा. पुंगळी थांबते, गोळी थांबत नाही, ती सुटून आतल्या पोकळीत पडते आणि सगळीकडे दारूची भुकटी. एकेका काडतुसाला तीन-चार ठोके. प्रॉडक्शनला एक ठोका लागला होता. दिवसा ॲरिझोनाच्या गॅरेजमध्ये बसवत नाही, म्हणून हे काम रात्री चाले. पहिल्या आठवड्यात ताई माडीवर कानात कापूस घालून झोपली. दुसऱ्या आठवड्यात एचओएचं, म्हणजे तिकडच्या सोसायटीचं, पत्र आलं, की आपल्या घरातून रात्री नियमित ठोकण्याचा आवाज येतो, परवानगीशिवाय बांधकाम चालू आहे काय? दाजींनी खरं काय ते लिहून कळवायला घेतलं. "रात्री मी गॅरेजमध्ये काडतुसं फोडत असतो" एवढं वाक्य लिहून झालं, तेव्हा ताईने कागद काढून घेतला आणि "नातेवाईक आलेले आहेत, चकल्यांचं यंत्र दुरुस्त करतो आहोत" असं उत्तर पाठवलं. यातले नातेवाईक म्हणजे मी. सोसायटीचा सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी चकल्या मागायला आला.

आता दाजींची काडतुसं जातात. प्रत्येक नवी गोळी आणली की आधी एक नमुना, टिकली नाही, दारू नाही, नुसती पुंगळी आणि गोळी, नळीत टपकन पडते का बघायची, मगच हँडल. रेंजवर पहिलं मॅगझिन सलग रिकामं झालं तेव्हा आजूबाजूच्यांनी मान हलवून कौतुक केलं. दाढीवाले म्हणाले, "क्रिंप वाढवलास ना?" दाजींनी त्यांना मार्कर, नळी, खांदे, घसा, असं सगळं साग्रसंगीत सांगितलं. ते सगळं ऐकून घेऊन दाढीवाले म्हणाले, "तेच म्हणतोय मी. क्रिंप."

एकच पंचाईत झाली. सगळं बिनबोभाट जायला लागल्यावर दाजी कोमेजले. फळ्यावर लिहायला काही उरलं नाही. पिंप बंद, हातोडा खुंटीला, जेवण वेळेवर. ताईला बरं वाटायच्या ऐवजी काळजी वाटायला लागली. दोन आठवडे असे गेले आणि एका संध्याकाळी ते रेंजवरून जड पिशवी घेऊन आले. कुणीतरी .४५च्या पुंगळ्या तशाच टाकून गेलं होतं. चांगल्या टपोऱ्या.

"पण तुमच्याकडे .४५चं पिस्तूल कुठे आहे?" मी विचारलं.

"पुंगळ्या आहेत ना," दाजी म्हणाले. त्यांनी त्या टेबलावर ओतल्या, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि एकेकीचं बूड बघायला लागले. हळूहळू त्यांच्या तोंडावर पूर्वीचं तेज चढलं. "ताईला हाक मार," ते म्हणाले. "गंमत बघ. काहींच्या बुडाला मोठ्या टिकलीचं भोक आहे आणि काहींच्या लहान. दिसायला सगळ्या सारख्या. एक जरी चुकीची गेली ना, प्रेस जागच्या जागी अडणार."

आतून ताईचा आवाज आला, "मार्कर आणू का?"